दुमाला ते ३६-अ: हात बदललेल्या जमिनीच्या सतरा गोष्टी

डहाणू तालुक्यातलं कैनाड घ्या, नाही तर शेजारच्या तलासरीतला एखादा पाडा. कुणाच्या तरी घरी पिशवीत जपून ठेवलेला एक कागद असतोच, तो म्हणजे सातबारा. त्यावरचे काही शब्द रोजच्या बोलण्यातले, तर काही दप्तरातले आणि न उलगडणारे: भोगवटादार वर्ग २, नवीन शर्त, फेरफार, इतर अधिकार, ३६-अ. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा हेच शब्द कामाला लागतात. या शब्दांचा अर्थ कळला असता तर इथल्या कितीतरी वारली, कोकणा, कातकरी घरांचा अंगठा कागदावर उठलाच नसता. म्हणून कुणालाही चटकन वाचता येतील, लक्षात राहतील आणि वेळेला उपयोगी पडतील अशा या सतरा गोष्टी.

१. ‘दुमाला’ म्हणजे काय?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये हा शब्द आहे. जमिनीचा सारा घेण्याचा हक्क मुळात सरकारचा. तो पूर्ण किंवा काही अंशी दुसऱ्या कुणाला देऊन टाकला, की ती जमीन दुमाला. म्हणजे इथे हात बदलतो तो साऱ्याच्या हक्काचा. सारा थेट सरकारजमा होतो ती बिनदुमाला. इनामं आणि जहागिरी हा दुमाल्याचाच गोतावळा. पुढे इनामं खालसा झाली, तरी शब्द गावांच्या नावात राहिला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात हिंगणी दुमाला आणि सांगवी दुमाला ही गावं आजही नांदतात. तुमच्या ओळखीच्या गावाच्या नावापुढे ‘दुमाला’ असेल, तर तिथला सारा एके काळी दुसऱ्याच्या घरी जात होता असं समजा.

२. जमीनखरेदीच्या लेखात डहाणूची नदी

नाशिकच्या पांडवलेण्यांतलं दहावं लेणं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तिथे कोरलेला आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने अश्वीभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना शेत विकत घेतलं आणि लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या जेवणाखाण्यासाठी दिलं. विकणारा कोण, किंमत किती, शेत नगराच्या कोणत्या दिशेला, मूळ कुणाच्या वडिलांचं, हे सगळं दगडावर आहे. आजच्या खरेदीखतातही हेच रकाने असतात. आणखी गंमत म्हणजे याच लेखात उषवदाताने कोणकोणत्या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या त्याची यादी आहे. त्यात तापी आहे, दमण आहे आणि ‘दाहनुका’ही आहे. अभ्यासक ती डहाणूची नदी मानतात.

३. जमीन दिली, पण कसणारा नाही!

त्याच डोंगरावर, तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा कोरलेली आहे. राजाने कखडी गावातलं शेत भिक्षूंना दिलं होतं. काही वर्षांनी कळलं, की ते शेत कुणी नांगरत नाही आणि गावात वस्तीही उरलेली नाही. मग नवी आज्ञा निघाली: त्याऐवजी नगराच्या सीमेवरची सरकारी जमीन, १०० निवर्तनं, भिक्षूंना द्या. ‘निवर्तन’ हे तेव्हाचं जमिनीचं माप. नुसता कागद हातात आला म्हणून जमीन हाती आली असं होत नाही. ती कसता आली, तिथे राहता आलं, तरच दान पुरं झालं. हे भान तेव्हाच्या राज्यकर्त्यांना होतं आणि चूक दुरुस्त करण्याची तयारीही होती.

४. ‘पाणी सोडणे’ आलं कुठून?

‘त्या पैशावर पाणी सोडलं’ असं आपण सहज म्हणतो. दान देताना हातावरून पाणी सोडायचं, की त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला, या जुन्या रीतीतून हा वाक्प्रचार आला. तुळशीपत्र ठेवणंही त्याच घरचं. बाराव्या शतकाच्या सुमारास चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. तिच्यात जमीन दुसऱ्याकडे जाण्यासाठी सहा गोष्टी सांगितल्या आहेत: गावकऱ्यांची, नातलगांची, शेजाऱ्यांची आणि वारसांची संमती, शिवाय सोनं आणि पाणी यांचं दान. यात गावाची संमती सगळ्यात आधी येते हे विसरू नका. बाराव्या गोष्टीत ती पुन्हा भेटेल.

५. मातीचं ढेकूळ दिलं, जमीन दिली

जुन्या इंग्लंडमध्ये जमीन देताना दोघं त्या शेतात जाऊन उभे राहत. देणारा घेणाऱ्याच्या हातात मातीचं ढेकूळ किंवा झाडाची डहाळी ठेवी. साक्षीदारांनी ते पाहिलं, की जमीन गेली. लिहिता न येणाऱ्यांनाही हा व्यवहार डोळ्यांनी दिसे आणि वर्षानुवर्षं आठवे. पुढे कागद आला आणि सगळं बदललं. ज्याला वाचता येत नाही त्याच्या जमिनीचं काय झालं, हे आता कागदावर ठरू लागलं. डहाणू-तलासरीतल्या आदिवासींच्या जमिनीच्या दुःखाचं मूळ इथेच आहे.

६. दहा पौंडांची मुंबई

हात बदललेल्या मालमत्तेचं आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे खुद्द मुंबई. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाच्या १६६१ च्या करारात पोर्तुगीजांनी मुंबई आंदण दिली. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. डहाणूचा किनारा मात्र पोर्तुगीजांकडेच राहिला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ च्या सुमारास, तो मराठ्यांकडे आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली गावं गुजरातेत गेली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि डहाणू-तलासरी ठाण्यातून पालघरात आले. इतक्यांदा मुलूख हलला, पण कसणारे हात तेच राहिले.

७. जिवंत माणसाकडून जिवंत माणसाकडे

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा. मुंबई इलाख्यात तो लागू झाला १८९३ पासून. त्यात हस्तांतरणाची व्याख्या सोपी आहे: एका जिवंत व्यक्तीने दुसऱ्या जिवंत व्यक्तीला मालमत्ता देणं. म्हणून मृत्युपत्र या कायद्याच्या अर्थाने हस्तांतरण नाही, कारण ते देणारा गेल्यावरच लागू होतं. वारसाहक्कही हस्तांतरण नाही. पुढचा नियम तर घरोघरी माहीत असायला हवा. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन ते हयात असताना मुलगा ‘पुढे माझीच होणार’ म्हणून विकू शकत नाही. पुढे वारस होण्याची नुसती आशा विकता येत नाही.

८. गवत चल, झाड अचल

शेतातलं उभं पीक, गवत आणि तोडायला आलेलं लाकूड यांना मालमत्ता हस्तांतरणाचा हा कायदा स्थावर मालमत्ता मानत नाही. फळझाडाचं मात्र तसं नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या वाडीतलं चिकूचं झाड मातीत रुजलेलं आहे आणि वर्षानुवर्षं फळ देतं, म्हणून ते जमिनीबरोबर जातं. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा होता. नवऱ्याने बायकोला जंगलातलं लाकूड तोडून नेण्याचा हक्क कागदावर लिहून दिला होता. तो हक्क स्थावर मालमत्तेतला ठरला. कागद नोंदणीकृत नव्हता, त्यामुळे बाईंच्या हाती काही लागलं नाही. स्थावर हक्क देताना नोंदणी किती मोलाची, हे सांगायला एवढं उदाहरण पुरे.

९. याच गवतासाठी माणसं मेली

डहाणू, तलासरी आणि उंबरगाव पट्ट्यात सावकार आणि जमीनदारांच्या गवताच्या कुरणांवर वारली राबत. लग्नासाठी उसने पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने मालकाकडे खपायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटत नसे, गडी सुटत नसे आणि जमीन तर आधीच सावकाराच्या वहीत गेलेली असे. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या सरकारी अहवालात या गुलामीचं वर्णन केलं. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठ नाकारली. मग ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी मागितली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण त्यात गेले. ही कहाणी सांगणाऱ्या गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इथल्या प्रत्येक जमीन कायद्यामागे ही माणसं उभी आहेत.

१०. नवी शर्त आणि सभात्याग

सातबाऱ्यावर ‘नवीन व अविभाज्य शर्त’ असं दिसलं, की समजा: परवानगीशिवाय ही जमीन विकता येत नाही आणि तिचे तुकडेही पाडता येत नाहीत. अशा जमिनीचा भोगवटादार वर्ग २. जुन्या शर्तीची, मोकळी जमीन असेल तो वर्ग १. या शर्तीचं बी १९०१ च्या मुंबई जमीन महसूल दुरुस्ती कायद्यात पडलं. शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे जाऊ नये असा सरकारचा हेतू होता. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी मात्र विरोध केला. सरकार शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीवर बांधून टाकतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. दोघांनी कायदेमंडळातून सभात्याग केला. जमीन विकायचं स्वातंत्र्य मोठं की जमीन वाचवणं मोठं, हा वाद तेव्हापासून चालू आहे. डहाणूत या वादाचं उत्तर अनुभवाने दिलं आहे. इथे जमीन वाचवणं मोठं.

११. १ एप्रिल १९५७: कसणाऱ्याचा दिवस

मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा. त्यात पुढे बदल होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसत असलेलं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. किंमत ठरवायची होती आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या, २० ते २०० पटींत. पण कुळाने मिळवलेली ही जमीनसुद्धा मोकळी नाही. कलम ४३ खाली ती विकायला परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीचं प्रमाणपत्र मिळून १० वर्षं झाली असतील, तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून हे बंधन सोडवता येतं. इथे ‘कूळ’ हा शब्द पूर्वजांच्या कुळाचा नव्हे, तर खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचा. शिवाय जमिनीच्या जातीही वेगळ्या. भाताचं शेत खाचरात, तर नागली-वरीची माळजमीन म्हणजे वरकस. याच वरकसातल्या पाल्यापाचोळ्याचा राब जाळून भाताची रोपं करतात. वरकस गेली, की भातशेतीचाही कणा मोडतो.

१२. ३६-अ: तीन अक्षरांचं कुलूप

महसूल संहितेत हे कलम ६ जुलै १९७४ पासून आलं. सांगतं ते थोडक्यात असं: आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा किंवा आणखी कोणत्याही मार्गाने देता येत नाही. ५ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी. बाकी सगळ्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी राज्य शासनाची मान्यता. न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होणारी विक्रीही या कुलुपात येते. बँकेच्या किंवा सहकारी संस्थेच्या कर्जासाठी कायद्यात वेगळी वाट ठेवलेली आहे. नियम मोडून व्यवहार झाला, तर जिल्हाधिकारी स्वतःहूनही चौकशी करू शकतात. आदिवासी जमीन परत घ्यायला तयार नसेल, तर ती सरकारकडे जाते आणि दुसऱ्या गरजू आदिवासीला देता येते.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. म्हणून इथे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीआधी ग्रामसभेचीही संमती लागते. मिताक्षरेतली गावाची संमती आठवते ना? ती इथे पुन्हा कायद्यात आली.

१३. गेलेली जमीन परत

‘महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याबाबत’चा कायदा १९७४ चा. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत मिळावी, म्हणून. आता तारखा जुळवून पाहा. सुरुवात कूळ मालक झालं त्या दिवसापासून, शेवट ३६-अ लागू झालं त्या दिवशी. म्हणजे कायद्यानेच एक पोकळी ओळखली आणि ती भरायला घेतली. परत घेणाऱ्याला बाजारभाव द्यावा लागत नाही. आकाराच्या ४८ पट रक्कम आणि सुधारणांची किंमत, तीही जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत. अट एकच: जमीन स्वतः कसायची.

या सुनावणीत वकील उभा राहू शकत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. पैसेवाल्याने मोठा वकील आणून गरिबाला दमवू नये, म्हणून ही तरतूद. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. हा निकाल डहाणूच्या प्रत्येक पाड्यावर वाचून दाखवावा इतका मोलाचा आहे.

१४. पाडासुद्धा गाव असतो

पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, २४ डिसेंबर १९९६ चा. त्यात ‘गाव’ म्हणजे वस्ती, वस्त्यांचा गट, पाडा किंवा पाड्यांचा गट, जिथे लोक आपल्या रीतिरिवाजांप्रमाणे एकत्र राहतात. म्हणजे महसुली नकाशावरचं एक गाव आत कितीतरी पाड्यांमध्ये विखुरलेलं असेल, तर पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. राज्याचे पेसा नियम ४ मार्च २०१४ रोजी आले. या कायद्याने ग्रामसभेला आणि पंचायतीला आणखी एक ताकद दिली: जमिनीचं बेकायदा हस्तांतरण रोखणं आणि गेलेली जमीन परत मिळवून देण्यासाठी पावलं उचलणं. ग्रामसभेला बसलेली म्हातारी आजी आणि तिची शेजारीण, दोघींच्याही हाताला इथे वजन आहे.

१५. एकसालीपासून वनपट्ट्यापर्यंत

इथल्या बोलण्यात ‘एकसाली’ हा शब्द अजून येतो. जंगलातला तुकडा एका सालासाठी कसायला द्यायचा, पुढच्या साली पुन्हा नव्याने. कसणारा तोच, पण दर वर्षी तो जणू नवखा. डहाणूतल्या कष्टकरी संघटनेसारख्या संघटनांनी या प्लॉटधारकांचा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला आणि ठाणे जिल्ह्यातल्या दाव्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ आधीपासून कसणाऱ्या आदिवासीला ४ हेक्टरपर्यंत हक्क दिला. या वनपट्ट्याच्या दोन खास गोष्टी आहेत. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. आणि तो वारसाला जातो, पण विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. हात न बदलण्यासाठीच तो दिलेला आहे.

१६. मालकी आपली, वापर ठरलेला

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. तालुक्याभोवतीच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यालाही त्याचे नियम लागतात. त्यामुळे जमीन विकत घेतली, की तिथे मनाला येईल तो कारखाना काढता येत नाही. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. या पट्ट्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाली. अशा प्रकल्पांसाठी होणारं भूसंपादन हे विक्रीपेक्षा वेगळं. त्यात घेणारं सरकार असतं आणि देणाऱ्याच्या मनाला विचारलं जातंच असं नाही. म्हणून २०१३ च्या भूसंपादन कायद्याने म्हटलं आहे, की अनुसूचित क्षेत्रातली जमीन शक्यतो घेऊच नये, आणि घ्यावीच लागली तर ग्रामसभेची आधी संमती घ्यावी. हा हक्क वापरला तरच त्याला धार राहते.

१७. फेरफार तोंडी सांगितला तरी चालतो

सातबारा म्हणजे दोन नमुने: गाव नमुना ७ हक्कांचा आणि १२ पिकांचा. हात बदलल्याची नोंद आधी नमुना ६ मध्ये होते, तिलाच फेरफार म्हणतात. वारसाने, वाटणीने किंवा खरेदीने हक्क मिळाला, तर ३ महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचं असतं. कायदा म्हणतो, तोंडी किंवा लेखी. लिहिता न येणाऱ्यानेही नुसतं सांगितलं तरी वर्दी पुरी होते आणि तिची पोच मागण्याचा हक्क त्याला आहे. नोंद घेतली, की संबंधितांना नोटीस जाते आणि १५ दिवसांत हरकत घेता येते. हरकत आली, की नोंद वादग्रस्तांच्या वहीत जाते. आणखी एक लक्षात ठेवा. सातबारा खरा धरला जातो, पण तो मालकीचा जन्मदाखला नव्हे. न्यायालयात दुसरा पुरावा आला, तर त्यावरची नोंद बदलू शकते. मालकी सिद्ध करणारं खत वेगळं असतं.

कोणता कागद काय सांगतो?

- खरेदीखत: विक्री पुरी झाली. १०० रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेला नोंदणी हवीच.
- साठेखत: पुढे विकण्याचा करार. याने मालकी येत नाही.
- बक्षीसपत्र: मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारायला हवी, दोन साक्षीदार हवेत. राज्यात मुला-नातवंडांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. आदिवासीच्या जमिनीचं बक्षीस बिगर-आदिवासीला दिलं, तरी ३६-अ लागतंच.
- हक्कसोडपत्र: सामाईक मालमत्तेतला आपला हिस्सा सहहिस्सेदारासाठी सोडणं. लग्न झालेल्या लेकीकडून सही घेण्याआधी तिला हे समजावून सांगणं घरच्यांचं काम.
- कुलमुखत्यारपत्र: आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार. नुसत्या यावर जमीन विकत घेतली असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तसं स्पष्ट केलं.
- बोजा: ‘इतर अधिकार’ या रकान्यात नोंदलेलं कर्ज. फिटल्यावर बोजा उतरवायचाही फेरफार करून घ्या.
- लक्ष्मीमुक्ती: शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची मोहीम. १९९२ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे नवऱ्याच्या इच्छेने बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं.
- सलोखा: २०२३ ची योजना. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान १२ वर्षं असेल, तर दोघांनी मिळून अदलाबदल करायची. मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये.

सहीआधीचे पाच प्रश्न

कागद पुढे आला, की सही किंवा अंगठ्याआधी एवढं विचारा. हा कागद कसला आहे: खरेदीखत, साठेखत की मुखत्यारपत्र? माझ्या सातबाऱ्यावर वर्ग कोणता आणि शेरा काय? ३६-अ ची परवानगी कुठे आहे? ग्रामसभेने काय ठरवलं? आणि हे सगळं मला समजेल अशा बोलीत, माझ्या घरच्यांसमोर, कुणी वाचून दाखवलं का?

पाचांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळायचं राहिलं, तर तो दिवस सहीचा नाही. गावातल्या शाळेत शिकलेल्या पोराला किंवा पोरीला सातबारा वाचायला शिकवा, ग्रामसभेत गावाचे फेरफार मोठ्याने वाचले जावेत असा आग्रह धरा आणि शंका असेल तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. कायदे करायला इथल्या माणसांनी जीव दिले आहेत. आता ते वापरायचं काम आपलं.